सर्व्हेअर येईपर्यंत

२२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा माझी मावशी देवघरातले देव पदरात घेऊन माळ्यावर चढली. पाणी ओसरल्यावर खाली आली तर फरशीवर वीतभर गाळ, फ्रिज आडवा पडलेला, प्लायवूडचं कपाट फुगून उघडलेलं, आणि भिंतीवर तिच्या छातीच्या उंचीला एक तपकिरी रेघ. तिने पदर खोचला आणि घर धुवायला घेतलं. गाद्या, पुस्तकं, शिलाई मशीन, सगळं रस्त्याच्या कडेच्या ढिगावर गेलं. तलाठी येऊन पंचनामा करून गेले. विमा कंपनीचा सर्व्हेअर आला नवव्या दिवशी. तोवर भिंती घासून झाल्या होत्या, घराला फिनेलचा वास येत होता. त्याने वही उघडली, चारी बाजूंना पाहिलं आणि विचारलं, "काकू, नुकसान नेमकं कुठंय?"

मावशीने त्या रात्री मला फोन केला. "घर स्वच्छ केलं, हा माझा गुन्हा झाला का रे?" एवढंच तिने विचारलं.

तिच्या दाव्याचे कागद लावता लावता मी त्या वहीवाल्या माणसाच्या मागे लागलो. हा कोण, कुणाचा, आणि आपल्या घराचं नुकसान किती हे ठरवायचा अधिकार त्याला कुणी दिला? माग काढत गेलो तो साडेतीनशे वर्षं मागे, लंडनच्या एका बेकरीपाशी पोचलो.

सप्टेंबर १६६६ मध्ये पुडिंग लेनमधल्या थॉमस फॅरिनरच्या बेकरीत आग लागली आणि चार दिवसांत १३,२०० घरं आणि ८७ चर्च जळाली. त्या आगीबद्दल बरंच लिहिलं गेलंय, पण ती विझल्यावर जे झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. लंडनमधली बरीचशी घरं लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावर होती आणि पट्ट्यात लिहिलेलं असे की घर दुरुस्त ठेवायची, पडलं तर पुन्हा बांधायची जबाबदारी भाडेकरूची. म्हणजे ज्याचं सगळं जळालं त्यानेच दुसऱ्याचं घर उभं करायचं, शिवाय नसलेल्या घराचं भाडंही भरत राहायचं. कायद्याच्या भाषेत हे बरोबर होतं, आणि तसंच चालू राहिलं असतं तर लंडन पुन्हा उभं राहिलं नसतं.

म्हणून इंग्लंडच्या संसदेने एक खास न्यायालय नेमलं. लोक त्याला 'फायर कोर्ट' म्हणत. क्लिफर्ड्स इन या इमारतीत ते बसे. वरिष्ठ न्यायालयांचे न्यायाधीश तिथे मानधन न घेता बसत, त्यांत मॅथ्यू हेलसारखा नावाजलेला कायदेपंडितही होता. नेहमीच्या कोर्टाचे रीतिरिवाज बाजूला ठेवून दोन्ही बाजूंचं ऐकायचं आणि तोडगा काढायचा. बहुतेक निकालांचा साचा एकच असे. भाडेकरूने घर बांधावं, त्या बदल्यात मालकाने भाडं उतरवावं आणि पट्ट्याची मुदत वाढवावी. दीड हजारांवर प्रकरणं अशी सुटली. लंडनच्या नगरपालिकेने कृतज्ञतेने त्या २२ न्यायाधीशांची तैलचित्रं करवून घेतली. घराच्या आगीचा विमा तोवर लंडनमध्ये जन्मालाही आला नव्हता. पण घर गेलेल्या माणसाचं गाऱ्हाणं लवकर, कमी खर्चात आणि त्याच्या भाषेत ऐकलं गेलं पाहिजे, ही गोष्ट विम्याच्या आधी आली होती. पुढे ती बराच काळ हरवली.

घरांचा विमा आणला निकोलस बार्बन या माणसाने. शिकलेला डॉक्टरकी, उतरला बांधकामात. १६८० च्या सुमारास त्याने रॉयल एक्स्चेंजच्या मागे कचेरी थाटून घरांचा आगीचा विमा उतरवायला सुरुवात केली. विटांच्या घराला भाड्याच्या अडीच टक्के, लाकडी घराला पाच. म्हणजे अगदी पहिल्या दिवसापासून घर कशाचं बांधलंय हे आधी बघावं लागत होतं. पुढे निघालेल्या कंपन्या विमा उतरवलेल्या घरावर आपली धातूची पाटी ठोकत. सन फायर ऑफिसच्या पाट्यांवर सूर्याचा चेहरा आणि खाली पॉलिसीचा नंबर असे. कंपन्यांचे स्वतःचे बंबवालेही असत.

आता प्रश्न आला पुराव्याचा. आग लागली हे दिसतं, पण आत काय होतं? मालक म्हणतो रेशमाचे तागे होते, राखेतून तागे कसे मोजायचे? अठराव्या शतकातल्या इंग्रजी पॉलिसींनी यावर जो उपाय काढला तो वाचून मी थबकलो. दावेदाराने आपल्या पॅरिशचा धर्मोपदेशक, चर्चचे वॉर्डन आणि गल्लीतले काही प्रतिष्ठित घरमालक यांच्या सहीचा दाखला आणायचा: आम्ही या माणसाला ओळखतो, याचं नुकसान खरोखर झालंय, यात काही लबाडी नाही असं आम्हाला वाटतं. हा थेट आपला पंचनामा. चार शहाणी माणसं बोलावून, उभं राहून, बघून, सह्या करणं. लंडनचं चर्च आणि कोकणातली चावडी यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, पण दोन्हीकडे माणसांनी शेजाऱ्याच्या शब्दावरच भिस्त ठेवली होती.

फरक कुठे पडला ते १७९६ च्या वर्सली विरुद्ध वूड या खटल्यात दिसतं. दावेदाराने गल्लीतल्या घरमालकांच्या सह्या आणल्या. धर्मोपदेशक आणि वॉर्डन यांनी सही द्यायला नकार दिला, आणि दावेदाराच्या म्हणण्याप्रमाणे त्या नकाराला काही कारणच नव्हतं. कोर्ट म्हणालं, नकार रास्त होता की नव्हता हे आम्ही बघणार नाही. पॉलिसीत दाखला लागतो असं लिहिलंय, दाखला नाही, म्हणजे पैसे नाहीत. घर जळालं होतं, शेजारी साक्ष देत होते, आणि एका सहीवाचून दावा बुडाला. विम्याच्या कायद्यातला 'अट' हा शब्द किती जड आहे ते मला या निकालाने शिकवलं. 'अमुक कागद नाही, दावा नामंजूर' असं पत्र हातात पडलेल्या माणसाला त्याची वंशावळ इथे सापडेल.

त्याच शतकातल्या दुसऱ्या एका निकालाचं नाव विमा कंपन्यांचे वकील फार घेतात: १७६६ चा कार्टर विरुद्ध बोम. सुमात्रा बेटावर बेनकुलनला ईस्ट इंडिया कंपनीचा फोर्ट मार्लबरो होता. तिथल्या गव्हर्नर कार्टरने शत्रूने किल्ला घेतला तर भरपाई मिळावी म्हणून विमा उतरवला. १७६० मध्ये फ्रेंचांनी तो घेतला. विमा देणारा म्हणाला, किल्ला कमकुवत आहे हे तू मला सांगितलं नाहीस. न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी तेव्हा एक तत्त्व मांडलं: विम्याच्या करारात ज्याला जास्त माहिती आहे त्याने ती सांगितली पाहिजे, दोघांनीही पूर्ण सद्भाव ठेवला पाहिजे. या तत्त्वावर आजवर असंख्य घरमालकांचे दावे फेटाळले गेले आहेत. तुम्ही भिंतीची जुनी भेग सांगितली नाही, माळ्यावर लाकूडसामान ठेवता हे सांगितलं नाही. पण मूळ निकाल वाचला की एक गोष्ट लख्ख दिसते. तो खटला कार्टर जिंकला. विमा देणाऱ्याला जे स्वतःला कळू शकत होतं, ते 'मला सांगितलं नाही' म्हणून त्याला हात वर करता येणार नाहीत, असं मॅन्सफिल्ड म्हणाले. सांगण्याचं बंधन दोन्ही बाजूंना होतं. दोनशे वर्षं ते एकाच बाजूला मोजलं गेलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

भरपाई म्हणजे नफा नव्हे, हेही घराच्याच एका खटल्यात पक्कं झालं. प्रेस्टन नावाच्या मालकाने ३,१०० पौंडांना घर विकायचा करार केला. खरेदी पूर्ण व्हायच्या आत आग लागली. विम्याचे ३३० पौंड त्याला मिळाले आणि पुढे खरेदीदाराकडून ठरलेली पूर्ण किंमतही मिळाली. १८८३ मध्ये कोर्टाने ते ३३० पौंड परत करायला लावले. नुकसान जेवढं, तेवढंच भरून द्यायचं, एक पैसा वर नाही. हे तत्त्व मला मान्य आहे. पण मग 'जेवढं' म्हणजे किती, हे मोजणारा माणूस अटळ होतो. धर्मोपदेशकाची सही मागे पडली आणि टेप, वही, दरपत्रक घेऊन सर्व्हेअर पुढे आला.

इकडे मुंबईलाही आग नवीन नव्हती. फेब्रुवारी १८०३ मध्ये कोटातल्या एतद्देशीय वस्तीचा मोठा भाग जळाला आणि लोकांना कोटाबाहेर घरं बांधावी लागली. विमा कंपन्या आल्या त्या मागाहून आणि आधी जहाजांसाठी, कापसाच्या गोदामांसाठी. कोलकात्याला १८५० मध्ये ट्रायटन, मुंबईत १९०७ मध्ये इंडियन मर्कंटाइल, १९१९ मध्ये दोराबजी टाटांची न्यू इंडिया. घरांचा विमा हा या धंद्याचा कोपराच राहिला. त्यामुळे पॉलिसीची भाषा गोदामाची होती आणि घरमालकाला तीच जशीच्या तशी चिकटवली गेली.

याचं सगळ्यात त्रासदायक उदाहरण म्हणजे सरासरीची अट. समजा घर पुन्हा बांधायला ४० लाख लागतील आणि तुम्ही विमा २० लाखांचा घेतलाय. आगीत स्वयंपाकघर जळून ४ लाखांचं नुकसान झालं. तुम्हाला वाटतं, २० लाखांच्या विम्यात ४ लाख सहज बसतात. सर्व्हेअर म्हणतो, तुम्ही निम्म्या घराचाच विमा घेतलाय, म्हणून नुकसानही निम्मंच, २ लाख. व्यापाऱ्याला हा हिशेब कळतो, त्याचा साठा रोज त्याच्या वहीत असतो. पण आपलं घर आज बांधायला किती लागेल, हे शाळामास्तराला किंवा निवृत्त पोस्टमनला कुठून कळावं? शिवाय बरेच जण विमा घेतात तो बँकेच्या कर्जाएवढा. कर्ज फिटत जातं, बांधकामाचा दर वाढत जातो, आणि दाव्याच्या दिवशी दोन्हींतली दरी मालकाच्या अंगावर येते.

१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' या जहाजावर कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकाच वेळी होता. दुपारी चारनंतर अर्ध्या तासाच्या आत दोन स्फोट झाले. धक्क्याभोवतीची वस्ती पेटली आणि सुमारे ८० हजार माणसं बेघर झाली. आणि इथे पॉलिसीतली एक फट उघडी पडली. आगीच्या साध्या पॉलिसीत स्फोट बसत नसे, त्यात युद्धाचा काळ, युद्धसामग्रीचं जहाज. घर स्फोटाने पडलं की स्फोटानंतरच्या आगीने जळालं, हे वेगळं कसं काढायचं? शेकडो घरांचे असे खटले एका शहरात चालूच शकले नसते. सरकारने वटहुकूम काढून भरपाईची जबाबदारी स्वतःवर घेतली. १६६६ च्या आगीनंतर लंडनने जे केलं तेच: नेहमीचा कायदा तुटून पडेल अशा आपत्तीत वेगळी वाट काढावी लागते. आगीच्या पॉलिसीबरोबर स्फोट, वादळ, पूर, भूकंप ही संकटं नावानिशी लिहिलेली असतात ती उगाच नाही. संकटाचं नाव कागदावर नसलं, तर वाद कारणावर जातो.

नंतरच्या काळातली एक हकिगत मला फार टोचते. मुर्शिदाबाद जिल्ह्यातल्या धुलियानला गंगा काठ कापत आत येत होती. १९५० मध्ये तिथल्या मालकांनी आपल्या घरांचा विमा उतरवला आणि त्यात नदीचा धोकाही धरला. नदी जवळ येत चालली तशी कंपनीने नोटीस देऊन विमा रद्द केला. त्यानंतर घरं गंगेत गेली. हा खटला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापर्यंत गेला आणि १९६६ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. रद्द करण्याचा हक्क पॉलिसीत लिहिला होता आणि रद्द करतेवेळी नुकसान झालेलं नव्हतं. न्यायालयाचं काम करार वाचायचं आहे, कितीही रास्त वाटला तरी नवा करार लिहायचं नाही, हे त्या निकालाने ठामपणे सांगितलं. विम्याच्या जवळजवळ प्रत्येक वादात आजही या खटल्यातल्या घरमालकाचं, चंदुमल जैन यांचं, नाव निघतं. निकालातली शिस्त मला समजते. पण नदी दारात आल्यावर छत्री काढून घ्यायची मुभा असावी का, हा प्रश्न न्यायालयाने नव्हे तर कायदा करणाऱ्यांनी सोडवायचा होता, आणि त्याला फार वर्षं लागली. आता विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाची फसवणूक सिद्ध झाली तरच कंपनीला पॉलिसी रद्द करता येते, तीही सात दिवसांची नोटीस देऊन.

सर्व्हेअरला कायद्यात जागा मिळाली १९६८ मध्ये. १९३८ च्या विमा कायद्यात त्या वर्षी कलम ६४यूएम घातलं गेलं. २० हजार रुपये किंवा त्याहून मोठ्या दाव्याची रक्कम परवानाधारक सर्व्हेअरच्या अहवालाशिवाय देता येणार नाही, असं ठरलं. पुढे ही मर्यादा वाढली. २०१५ पासून वाहनं सोडून इतर दाव्यांसाठी ती एक लाखावर आली. या कलमामागे हेतू चांगला होता: कंपनीने मनमानी करू नये, बाहेरच्या जाणकाराने मोजावं. पण एक गाठ तेव्हाच बसली. सर्व्हेअर स्वतंत्र, पण त्याला बोलावणारी कंपनी आणि फी देणारीही कंपनीच. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणात १०७ कंपन्या चार सरकारी कंपन्यांत मिसळल्या, तरी ती गाठ तशीच राहिली.

याच कलमात दुसरं एक वाक्य आहे आणि ते फार कमी घरमालकांना माहीत असतं. सर्व्हेअरने काढलेल्या आकड्यापेक्षा वेगळी रक्कम देण्याचा कंपनीचा हक्क कायम आहे. म्हणजे 'आमच्या हातात काही नाही, सर्व्हेअरने एवढंच लिहिलंय' असं काउंटरवर कुणी म्हणालं, तर ते कायद्याला धरून नाही. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यू इंडिया विरुद्ध प्रदीपकुमार या खटल्यात हे आणखी स्पष्ट केलं. खटला ट्रकच्या नुकसानीचा होता, पण तत्त्व घरालाही लागतं: सर्व्हेअरचा अहवाल हा दाव्याचा पाया असू शकतो, तो शेवटचा शब्द नव्हे, दुसरा पुरावा असेल तर तो बाजूला ठेवता येतो. त्याच वर्षी दुसऱ्या एका निकालात न्यायालयाने कंपन्यांनाही बजावलं की अहवाल गैरसोयीचा वाटला म्हणून कारण न देता एकामागून एक सर्व्हेअर नेमत बसता येणार नाही. मी स्थानिक इंजिनिअरकडून मावशीच्या घराच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक करून घेतलं ते याच जोरावर. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागितली की मिळते. ती आधी मागावी आणि त्यातल्या ओळीला ओळीने उत्तर द्यावं.

दाव्याच्या शेवटी एक छापील कागद येतो, डिस्चार्ज व्हाउचर. 'पूर्ण आणि अंतिम' असं त्यावर लिहिलेलं असतं. पैशांची गरज असते, छपरावर पत्रे घालायचे असतात, माणूस सही करून मोकळा होतो. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अजमेर सिंग कॉटन मिल्सच्या प्रकरणात म्हटलं की नुसत्या सहीने उरलेल्या रकमेची दाद मागायचा हक्क संपत नाही. मात्र सही फसवून, दबावाने किंवा तशाच परिस्थितीत घेतली गेली हे दाखवावं लागतं. म्हणून सही करतानाच 'हरकत राखून' असं लिहावं किंवा त्याच दिवशी पत्र द्यावं. वर्षभराने आठवण झाली तर कोर्टाला ती आठवणच वाटते. नामंजुरीचं पत्रही असंच नीट जपून ठेवावं. २०१९ च्या सौराष्ट्र केमिकल्सच्या निकालाप्रमाणे पत्रात जे कारण लिहिलं त्याच्या बाहेरचं नवं कारण कंपनीला नंतर ग्राहक आयोगापुढे काढता येत नाही. वर्सलीच्या काळी अट घरमालकाला बांधायची, इथे कंपनीला तिच्याच शब्दांनी बांधलं गेलं.

पंचनामा आणि विमा यांची गल्लत मी पूरग्रस्त भागात वारंवार पाहिली. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तिथल्या दगडमातीच्या घरांपैकी बहुतेकांना विमा नव्हताच. तिथे पंचनामा हाच सगळा आधार होता, कारण भरपाई सरकारची होती. पण विमा असलेल्या घरात तलाठ्याचा पंचनामा झाला म्हणजे दावा दाखल झाला असं होत नाही. पंचनामा हा पुरावा म्हणून उपयोगी आहे, अगदी भक्कम उपयोगी आहे, त्याची प्रत घ्यावीच. दावा मात्र कंपनीला वेगळा कळवावा लागतो, ताबडतोब, आणि तारीख-वेळ राहील अशा रीतीने. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आणखी एक बघावं. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे आग आणि भूकंपाचा विमा इमारतीसाठी संस्थेने उतरवायचा असतो. तो उतरवलाय का, कितीचा, हे वार्षिक सभेत विचारणारा सभासद मला क्वचितच भेटला.

आणि मग १ एप्रिल २०२१. चिपळूणच्या पुराच्या पावणेचार महिने आधी नियामकाने सगळ्या कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी विकायला लावली. तिच्यातली एक गोष्ट मला जुन्या वेदनेवर फुंकर घातल्यासारखी वाटते: सरासरीची अट काढून टाकली. विमा रक्कम ठरते ती बांधकामाच्या खर्चावर, म्हणजे चटई क्षेत्रफळ गुणिले चालू दर. जागेची किंमत त्यात नाही. ती दरवर्षी दहा टक्क्यांनी आपोआप वाढते. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या वीस टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांचं संरक्षण वेगळी यादी न देता मिळतं. ढिगारा उपसायचा खर्च आणि आर्किटेक्टची फी ठरावीक मर्यादेत त्यातच येते. गोदामाची भाषा सोडून कुणीतरी पहिल्यांदा घराची भाषा बोललं.

मावशीची पॉलिसी मात्र जुनी होती. वादळ आणि पुराचं कलम तिच्यात होतं, हे आमचं नशीब. एके काळी थोड्या सवलतीसाठी ते काढून टाकता येत असे आणि कित्येकांनी काढलंही. त्या वेळच्या नियमांत सर्व्हेअर ७२ तासांत नेमायचा होता. आता २०२४ च्या परिपत्रकाने २४ तासांत नेमायचा, १५ दिवसांत अहवाल आणि अहवालानंतर ७ दिवसांत निर्णय, असं बांधून दिलंय. शिवाय फक्त कागद नाहीत म्हणून दावा फेटाळता येणार नाही, असंही त्यात आहे. धर्मोपदेशकाच्या सहीपासून इथे यायला सव्वादोनशे वर्षांवर काळ गेला.

पण नियम कितीही आखले तरी पूर येतो तेव्हा गावात गाळ असतो, वीज नसते, आणि सर्व्हेअर एका दिवशी पन्नास घरं बघत असतो. घर धुणं चूक नाही. उलट नुकसान वाढू नये म्हणून झटणं हे विमेदाराचं कर्तव्यच आहे. फक्त बादली उचलायच्या आधी मोबाइल उचलायला हवा होता. प्रत्येक खोलीचा एक संथ व्हिडिओ, पाण्याच्या रेघेला टेप लावून फोटो, फेकायच्या प्रत्येक वस्तूचा फोटो, फ्रिजमागचा नंबर. हे मावशीला कुणीच सांगितलं नव्हतं. पॉलिसी विकताना नाही, हप्ता घेताना नाही.

कंपनीने सामानाचा दावा पुराव्याअभावी जवळजवळ सगळा कापला. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाला लिहिलं, महिना गेला. मग विमा लोकपालाकडे गेलो. ही व्यवस्था १९९८ पासूनची. लोकपालापुढे आज ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, फी नाही, वकील चालत नाही, कंपनीच्या नकारापासून एका वर्षात जायचं. निकाल कंपनीवर बंधनकारक असतो. तक्रारदाराला पटला नाही तर ग्राहक आयोगाची वाट उघडी राहते. तिथे दोन वर्षांची मुदत आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. मला आठवलं ते क्लिफर्ड्स इन. घर गेलेल्या माणसाने स्वतः उभं राहून बोलायचं, समोरच्याने ऐकायचं.

सुनावणी व्हिडिओ कॉलवर झाली. शेजाऱ्यांनी माळ्यावरून काढलेले चार फोटो होते, दोघा शेजाऱ्यांचं लेखी म्हणणं होतं, पंचनाम्याची प्रत होती, इंजिनिअरचं अंदाजपत्रक होतं. कंपनीचे अधिकारी म्हणाले, पाणी घरात किती चढलं याला पुरावा नाही. मावशी मला म्हणाली, "फोन माझ्याकडे दे." ती उठली, मधल्या खोलीत गेली. तिथलं शिसवी कपाट भिंतीत बसवलेलं, धुताना कुणाला हलवता आलं नव्हतं. तिने त्याच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत फोन धरला आणि टॉर्च लावला. रेघ तशीच होती, तपकिरी, तिच्या छातीच्या उंचीला.

"हे बघा साहेब," ती म्हणाली, "इथवर होतं."

पलीकडून आवाज आला, "काकू, फोन जरा खाली घ्या, जमिनीपासून टेप लावून दाखवता का?"

मी टेप आणायला धावलो.